एका खांबावरची बशी

मानवजातीचं भविष्य गोल आहे, असं माझ्या थोरल्या भावानं पन्नास वर्षांपूर्वी जाहीर केलं. तेव्हापासून वहिनीला कपाट टेकवायला एक सरळ भिंत मिळाली नाही.

दादा घरांचे नकाशे काढायचा. त्याचं स्वतःचं घर म्हणजे उंच खांबावर ठेवलेली पत्र्याची उडती तबकडी. खांबाच्या पोटातून गोल जिना, जहाजाच्या खिडक्या, गच्चीवर उडत्या मोटारीसाठी जागा. मोटार काही आली नाही. वहिनी तिथं गाद्या उन्हात टाकायची. भिंतीला खिळा ठोकायची मात्र सक्त मनाई.

त्या सकाळी वहिनीचा श्वास लागला. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचर जिन्यात घातलं, ते तिसऱ्या पायरीलाच अडकलं. आणि तिला तर बसवतही नव्हतं.

"साहेब, आजारी माणूस खाली कसा न्यायचा, काही ठरवलं होतं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आम्ही म्हातारे होईतोवर जगात आजारच राहणार नव्हते," दादा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, त्यामुळे कोणाला हसता येईना.

वहिनी तेवढी हसली, मग खोकली. "भाऊजी, तुमच्या दादांच्या भविष्यात मी बसतच नाही बघा."

भिंत कापण्यावाचून इलाज नव्हता. मी कोपऱ्यावरचा वेल्डर आणि एक क्रेन बोलावली. दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"नकाशातली एक रेघ हलवलेली नाही मी आजवर."

"अहो, व्हा बाजूला," वहिनी म्हणाली. "पन्नास वर्षं वळसे घातले. आज सरळ जाऊ द्या."

दादानं वेल्डरच्या हातातला खडू घेतला. पट्टी न लावता भिंतीवर दार काढलं. चार कोपरे, चारही काटकोनात. रेघ कुठं वाकडी गेली नाही. मग खडू वेल्डरला परत दिला.

तासाभरानं वहिनी क्रेनच्या फळीवरून हळूहळू खाली गेली. परत यायची नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. तिलाही ठाऊक असावं, कारण तिनं चपला मागितल्या नाहीत.

खालून हॉर्न वाजला.

"चल दादा, थांबलेत ते."

तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन थबकला.

"जरा हात दे रे," तो म्हणाला. "हा जिना मला एकट्याला उतरता येत नाही."