भट्टीवाल्याचं खुराडं

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "कमान ओली आहे."

मी हात लावत नव्हते, वाकून आत बघत होते. परसातल्या भिंतीला लागून तीन बाजूंनी जाड विटा, वर घुमटासारखं छत, पुढे हातभर तोंड आणि त्याला लोखंडी झडप. हे सगळं कोंबड्यांसाठी.

बाबांनी आयुष्यभर बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधल्या. त्यांनी बांधलेली भट्टी रात्री विझवली तरी सकाळी आत हात घालवत नसे, असं बेकरीवाले सांगत. आई हिवाळ्यात गेली. उन्हं तापायला लागली तसं त्यांनी तिच्या कोंबड्यांसाठी घर बांधायला घेतलं. आई होती तेव्हा त्या जिन्याखाली झोपायच्या आणि बाबा त्यांना "तुझ्या माहेरची माणसं" म्हणायचे. त्यांनी कधी कोंबड्यांपुढे दाणा टाकल्याचं मला आठवत नाही.

मी सुटी घेऊन आले ती त्या कोंबड्या शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींना देऊन टाकाव्यात, असं मनात धरूनच. मावशींकडे सावली होती, जागा होती आणि त्या तयारही होत्या. मी विषय काढला तेव्हा बाबांनी थापी खाली ठेवली.

"मलाही देऊन टाक एखाद्या शेजाऱ्याला," ते म्हणाले. "जागा रिकामी होईल."

त्यानंतर आमचं बोलणं फक्त जेवायला वाढण्यापुरतं उरलं. वाढतानाही भांडी जरा जास्तच वाजत होती, त्यांच्या हातून आणि माझ्याही.

माती वाळली आणि त्यांनी कोंबड्या आत नेल्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, ही भट्टी झालीय. बाजूंना जाळी हवी, वारा आरपार जायला हवा. त्यांनी मला, कॉलेजात शिकवतेस ना, तिथेच शिकव, असं सुनावलं. जी भिंत आतली ऊब बाहेर सोडत नाही ती बाहेरची आत कशी घेईल, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, आणि कोंबड्यांच्या अंगची ऊब? ती कुठून जाणार? बाबा पाणी प्यायला आत गेले.

त्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं. झळ आत जाऊ नये म्हणून बाबांनी स्वतः झडप लावून घेतली आणि ते जरा आडवे झाले. मला झोप लागेना. परसात जाऊन झडप उघडली तर तोंडावर वाफ आली. कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून दूर धरून एकमेकींना टेकून उभ्या होत्या. त्या धडपडत बाहेर आल्या. ठिपक्यांची मात्र आली नाही. सगळ्यांत म्हातारी तीच, आईच्या पायात पायात करणारी. मी तिला ओढून बाहेर काढलं आणि बाबांना उठवलं.

ते आले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग गुडघ्यांवर बसले, बाही वर सारली आणि खुराड्याच्या तोंडातून हात खांद्यापर्यंत आत घातला. भट्टी तापलीय का, हे ते असंच बघायचे. त्यासाठी त्यांना कधी दुसरं काही लागलं नाही. त्यांनी हात बराच वेळ आत ठेवला.

"आईनं यांतली एकही मारली नव्हती," मी म्हणाले.

हात बाहेर आला. ते उठले आणि हातोडा घेऊन आले.

छत आणि भिंती पडल्या, तोंडावरची कमान पडेना. घावावर घाव बसत होते आणि ती नुसती धूळ सोडत होती.

"चांगली बांधलीय," मी म्हणाले. मला टोचायचंच होतं.

"मला वाईट बांधता येत नाही," ते म्हणाले. पुढचा घाव घालून, दम खाऊन त्यांनी विचारलं, "बोल आता. वारा कुठून येतो?"

मी दाखवलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं राबलो, एकमेकांच्या चुका काढत. झाडाखाली खांब रोवले, लांब बाजूंना नुसती जाळी लावली. छताचा पत्रा हातभर वर उचलून बसवला, मधून हवा खेळावी म्हणून, आणि त्यावर ओलं गोणपाट टाकलं. लोळायला भुसभुशीत माती केली, पाण्याची परळं सावलीत ठेवली. मोकळं फिरायला पुढे जाळीचं अंगण. खिळा वाकडा गेला तर ते मला बोलत. ठिपक्यांचीला त्यांनी एकट्यानेच पुरलं. मला जवळ येऊ दिलं नाही.

तिन्हीसांजेला कोंबड्या आत जाईनात. विटांच्या ढिगावर चढून बसल्या. बाबा एकीला धरायला गेले की बाकीच्या मावशींच्या कुंपणाकडे पळत. मावशी पलीकडे उभ्या होत्या. इकडे येऊ देत, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. बाबांनी मान वळवली नाही.

आई अशा वेळी जीभ टाळूला लावून एक आवाज काढायची, की जिथे असतील तिथून त्या धावत यायच्या. मला तो काढता येतो. मी काढला नाही.

बाबा नव्या जाळीचं दार धरून उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात तो आवाज काढून बघितला. कोरडा, बसका. कोंबड्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा पंखांत घातल्या. त्यांनी मनगटाने ओठ पुसले, परळातलं पाणी ओंजळीने प्यायलं आणि पुन्हा तोच आवाज काढला.