दत्ताराम परबाची टाळी

नारळवाल्या चाळीत नारळाचं झाड नाही. कुणाच्या तरी आजोबांच्या वेळी होतं म्हणतात. पण लालबागात नाव एकदा पडलं की पडलं, झाड असो नसो. ह्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दत्ताराम परब आणि सॅम्युएल झिराडकर ह्यांच्या खोल्या भिंतीला भिंत लावून आहेत. दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणायचे. ब्याऐंशीच्या संपात दोघं एकाच दिवशी बाहेर पडले आणि गिरणीने दोघांनाही पुन्हा आत घेतलं नाही. आता दत्ताराम चाळ कमिटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे नळाला पाणी आलं नाही की शिव्या खाणारा माणूस. आणि त्या कशा खाव्यात हे सॅम्युएल त्याला गॅलरीत खुर्ची टाकून शिकवतो.

सॅम्युएल हे नाव चाळीच्या तोंडात कधी बसलं नाही. सगळे त्याला सामाजी म्हणतात. त्यालाही त्याचं काही वाटत नाही, कारण त्याच्या आज्याचं नावही सॅम्युएलच होतं आणि गावाने त्यालाही सामाजीच केलं होतं. झिराडकर म्हणजे कोकणातले यहुदी, बेने इस्रायल. अलिबागेकडे त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घाणा गेला, गाव गेलं, गिरणीही गेली. शनिवार तेवढा राहिला.

शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत त्यांच्या घरात विस्तव पेटवायचा नसतो. गिरणीला ह्याचं सोयरसुतक नव्हतं, पाळी लागली की सामाजी निमूट कामावर जायचा. पण घरात नियम म्हणजे नियम. दत्ताराम अडुसष्ट साली लग्न करून ह्या चाळीत राहायला आला, तेव्हा सामाजीची आई हयात होती. पहिल्याच शनिवारी सकाळी म्हातारी त्याच्या दारात येऊन म्हणाली, "आज हवेत गारठा आहे हो." आणि उभीच राहिली. 'स्टो पेटवून द्या' असं तोंडाने सांगायचंही नसतं, हे बिचाऱ्या दत्तारामला काय ठाऊक! तो म्हणाला, "हो, आहे खरा." शेवटी त्याच्या बायकोने, बकुळाने, त्याच्या पाठीत ढोसलं आणि काड्यापेटी हातात देऊन त्याला शेजारी पिटाळलं.

तेव्हापासून एकतीस वर्षं दर शनिवारी सकाळी सात वाजता दत्ताराम झिराडकरांकडे जातो. दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची तिरपी नळी ठोकलेली आहे, तिच्यात त्यांच्या देवाचं वचन लिहिलेला कागद असतो. सामाजी आत-बाहेर करताना तिला हात लावून बोटं ओठांना लावतो, म्हणून दत्तारामही लावतो. मग तो आधण ठेवतो आणि चहा होईपर्यंत दोघं कमिटीतल्या लोकांची यथेच्छ निंदा करतात. सांगायला नको म्हणून म्हातारीनंतर एक खूणही ठरली. सामाजीची बायको एस्तेर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावण्याआधी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर काड्यापेटी ठेवायची. काड्यापेटी दिसली की दत्तारामने आत यायचं. इतक्या वर्षांत ती ठेवायला एस्तेरवहिनी कधी विसरली नव्हती.

संपाला सतरा वर्षं झाली, त्या जानेवारीत चाळीने आवारात सभा ठेवली. प्रमुख पाहुणे म्हणून नगरसेवक रघुनाथ पाताडे येणार होते. वॉर्डात त्यांना रघुशेठ म्हणतात. चाळीच्या पाण्याच्या पंपाचा कागद त्यांच्या टेबलावर आठ महिने पडून होता, तेव्हा पाहुणे दुसरे कोण असणार! सकाळपासून सामाजीनेच खुर्च्या लावून घेतल्या. लाऊडस्पीकरचा भोंगाही त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गॅलरीच्या कठड्याला बांधला, तिथून आवाज सगळीकडे जातो म्हणून. आणि भाषण ऐकायला तो एस्तेरसोबत वरच, भोंग्याशेजारी खुर्ची टाकून बसला.

रघुशेठ बोलायला उभे राहिले की थांबत नाहीत. गिरण्या कशा होत्या, भोंगे कसे वाजायचे, हे झालं. मग आवाज चढला. "ह्या गिरण्या बुडवल्या कुणी? मी सांगतो. यहुद्यांनी! ही जातच तशी. जिथे जाते तिथे रक्त पिते. कीड आहे ती, कीड! जगाने हाकलली ती उगाच नाही!" एवढं बोलून त्यांनी उजवा हात वर केला. रघुशेठचा हात वर गेला की पुढच्या रांगेने टाळ्या वाजवायच्या, ही वॉर्डातली जुनी वहिवाट. पुढच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर दत्ताराम होता. त्याच्या डोक्यात पंप होता. हात वर गेलेला दिसला आणि दत्तारामने टाळी वाजवली.

वाजवली ती चांगली खणखणीत. साचे चालवलेल्या माणसाचे हात ते! पाठोपाठ सगळं आवार वाजलं. मग त्याला कळलं आपण कशावर टाळी वाजवली ते, आणि त्याने वर पाहिलं. सामाजी कठड्याशी उभा होता. त्याने खाली पाहिलं, नेमकं दत्तारामकडे, मग खुर्चीची घडी घातली आणि एस्तेरला घेऊन आत गेला. दार लागलं. भोंगा मात्र तिथेच बांधलेला होता आणि रघुशेठ आणखी वीस मिनिटं बोलत होते.

घरी बकुळा वाटच पाहत होती. बकुळा रागावली की मुंबईत काढलेली एकतीस वर्षं विसरते आणि थेट मालवणात पोचते.

"हात काय तुमच्या ताब्यात नव्हते? शेजाऱ्याक कीड म्हणतत आणि तुमी त्येच्यावर टाळये मारल्यात?"

"अगो, माझ्या डोक्यात पंप होता."

"घाला तो पंप चुलीत. आता शनिवारी खयचा तोंड घेवन जातलात?"

तोंड घेऊन जायची वेळच आली नाही. शनिवारी सकाळी दत्ताराम गॅलरीत आला तर खिडकीचा कट्टा रिकामा. काड्यापेटी नाही. तो कठड्याला टेकून साडेसातपर्यंत उभा राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. एस्तेरवहिनीने शुक्रवारीच थर्मास भरून ठेवला होता. रात्रभरात त्यातला चहा कोमट होऊन जातो हे दत्तारामला ठाऊक होतं, आणि सामाजीला चहा तोंड भाजेल असा लागतो हेही ठाऊक होतं. तो कोमट चहा आठवून दत्तारामला रडूच यायचं बाकी राहिलं.

रविवारी सकाळी धीर करून त्याने दार वाजवलं. सामाजीने उघडलं. आत टेबलावर एक लांबट पाकीट होतं, परदेशी तिकिटं लावलेलं. सामाजीचा मुलगा एझ्रा इस्रायलात, अश्दोदला असतो. वर्षभर तो आईबापांना कायमचे तिकडे या म्हणून कागद पाठवत होता आणि सामाजी ते ट्रंकेत टाकत होता. आता ते टेबलावर आले होते, आणि शेजारी झाकण काढलेलं पेन होतं.

"सामाजी, माझं चुकलं रे," दत्ताराम म्हणाला. "पाया पडू का?"

"माझ्या पाया कशाला पडतोस? गुडघे धरतील तुझे."

"मग काय करू सांग."

सामाजी खुर्चीत बसला. मग म्हणाला, "दत्तू, तो पाताडे मला कोण लागतो? त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. असले चार बोलून जातात. पण टाळी तू वाजवलीस. आणि वाजवलीस ती चारशे माणसांत. आता इथे दार लावून, हळू आवाजात माफी मागतोस. ती मला कळली. त्या चारशेंना कशी कळणार?"

 दत्तारामने टेबलावरच्या पाकिटाकडे पाहिलं. "जाणार तू?"

"एस्तेर जाऊ म्हणते," सामाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्यानंतरचे सात दिवस दत्ताराम चाळीत भुतासारखा वावरला. आणि गंमत बघा, ह्याच सात दिवसांत पंप आला. रघुशेठने सही केली, माणसं येऊन पंप बसवून गेली, आणि पुढच्या रविवारी उद्घाटनाला रघुशेठ जातीने येणार म्हणून निरोपही आला. आदल्या दिवशीचा शनिवार पुन्हा काड्यापेटीशिवाय गेला. रविवारी दुपारी दत्तारामने भोंगा घेतला, दुसऱ्या मजल्यावर गेला आणि तो झिराडकरांच्या कठड्यालाच बांधला. भोंग्याचं तोंड मात्र त्याने आवाराकडून वळवून त्यांच्या दाराकडे केलं. माइकवाला ओरडला, "काका, आवाज उलटा जाईल." दत्ताराम म्हणाला, "जाऊ दे."

चाळीच्या कार्यक्रमात सेक्रेटरीला भाषण नसतं. त्याच्या वाट्याला येतं आभारप्रदर्शन, आणि ते कोणी ऐकत नाही. लोक चपला शोधत असतात. दत्ताराम माइकपाशी आला तेव्हा बटणाला झेंडूचा हार घातलेला होता, रघुशेठ बटण दाबायला बाह्या सरसावून उभे होते आणि पोरं नळाशी जमली होती.

"मांडववाल्यांचे आभार," दत्तारामने चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. "लाऊडस्पीकरवाल्यांचे आभार. रघुशेठनी पंपाच्या कागदावर सही केली, त्यांचे आभार." इथे चिठ्ठी संपली. ती त्याने घडी करून खिशात ठेवली. "आता एक राहिलं. पंधरवड्यापूर्वी ह्याच जागी रघुशेठ यहुद्यांबद्दल बोलले आणि पहिली टाळी मी वाजवली. ती टाळी मी परत घेतो."

चपला शोधणारे थांबले.

"रघुशेठ बोलले ते खोटं होतं. आमच्या गिरणीचा मालक कोण होता ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो यहुदी नव्हता. यहुदी होता तो माझ्या बाजूच्या साच्यावर. संपात तो माझ्याबरोबर बाहेर पडला. तेव्हा त्याच्या भावाने इस्रायलहून कागद पाठवले होते. तो म्हणाला, संप मिटल्याशिवाय मी हलणार नाही. संप अजून मिटलेला नाही, साहेब. कुणी मागे घेतलाच नाही. म्हणून तो माणूस अजून इथे आहे."

 रघुशेठ कसलेले गडी. ते हसत पुढे आले आणि त्यांनी दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला. "परब, अहो, तुमच्या झिराडकरांबद्दल मी कुठे काय बोललो? ते आपले. ते वेगळे."

बस, एवढं बोलले नसते तर दत्ताराम कदाचित खाली उतरला असता. पण 'वेगळे' ऐकलं आणि त्याने माइक पुन्हा तोंडाशी ओढला.

"वेगळे नाहीत, साहेब. तेच ते. तुम्ही कीड म्हणालात ना, त्यांच्याच घरात मी एकतीस वर्षं चहा पितोय. त्यांची माफी मागा. नाहीतर पंप राहू दे. आम्ही खालच्या नळावरून बादल्या भरल्यात, आणखी भरू."

'आणखी भरू' हे सगळ्या चाळीच्या वतीने बोलायचा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता. कोणी टाळी वाजवली नाही. टाळीची त्या दिवशी सगळ्यांनाच धास्ती बसली होती. पण रघुशेठने मदतीसाठी पुढच्या रांगेकडे पाहिलं आणि आपला हात सवयीने थोडा वर केला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाही माणसाने हात मांडीवरून उचलला नाही. माफी त्यांनी मागितली नाही. "चाळीला पाणी नकोय वाटतं," असं म्हणून ते गाडीत बसले आणि गेले. पंप राहिला, बटणावर हारही राहिला, आणि बटण कुणी दाबायचं ह्याचा खल सुरू झाला. तेवढ्यात बकुळा उठली, तिने हार बाजूला सारला आणि अंगठ्याने बटण दाबलं. नळाला पाणी आलं. नगरसेवक नसतानाही येतं म्हणजे!

दत्तारामने वर पाहिलं. झिराडकरांचं दार बंदच होतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सामाजी गॅलरीत आला नाही. बुधवारी एस्तेरवहिनी पाकीट पोस्टात टाकून आली असं कुणीतरी सांगितलं, आणि दत्ताराम दोन दिवस नीट जेवला नाही. शनिवारी पहाटेच उठून त्याने दाढी केली. बकुळाने धुतलेला सदरा काढून दिला. सात वाजता तो बाहेर आला.

खिडकीच्या कट्ट्यावर काड्यापेटी होती.

तो दारात गेला. नळीला हात लावावा की नाही, अशी त्याला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली. मग त्याने हात लावला, बोटं ओठांना लावली आणि आत जाऊन गॅस पेटवला. काडी तीनदा विझली. एस्तेरवहिनीने पातेलं आधीच भरून शेगडीशेजारी ठेवलं होतं. शेजारी कप होते, तीन.

"टाळी परत घेतलीस," सामाजी मागून म्हणाला. "ऐकलं. माझ्याच कानात भोंगा घातला होतास मेल्या. पण ती पहिली टाळीही ऐकली होती मी, दत्तू. ती काही कानातून जात नाही."

"ठाऊक आहे," दत्ताराम म्हणाला. मागे वळून बघायची त्याची हिंमत नव्हती. "एझ्राला काय कळवलंस?"

"मी नाही, हिने लिहिलं," सामाजीने बायकोकडे बोट दाखवलं.

एस्तेरवहिनीने तीनही कप ओळीने मांडले. "लिहिलं की तिकडे सगळे आपलेच," ती म्हणाली. "मग शनिवारी पेटवून देणार कोण?"

आधण उकळायला लागलं होतं. दत्तारामने त्यात साखर घातली, आणि डोळे पुसायला खांद्यावरचा पंचा घेतला, तर सामाजी म्हणाला, "आधी चहा बघ. उतू जाईल."