कोण म्हणतं मला विटाळाचं लुगडं

मी एक जुनं लुगडं आहे. जुनं म्हणा, विटकं म्हणा, चालेल. चिंधी म्हणालात तर मात्र तुमचं माझं जमणार नाही. आणि मित्रांनो, शाळेत तुम्हाला 'ते लुगडं' असं शिकवतात. शिकवू द्या. मी जन्मभर बायांच्या कमरेला राहिले, बाईसारखीच बोलणार.

आंधळगावात श्यामराव नावाच्या विणकराच्या मागावर मी जन्मले. जाड सूत, जांभळा रंग, लाल काठ. मागावरून उतरवल्यावर श्यामरावांच्या बायकोने माझा काठ दोन्ही मुठींत धरून जोर लावून ओढला आणि म्हणाली, "नेसणारी म्हातारी होईन, पण हा काठ नाही फाटत." हे बोलणं मी जपून ठेवलं आहे. पुढे कामाला आलं.

सिहोऱ्याकडच्या एका धानाच्या गावात मी शकुनबाईकडे आले. ती तेव्हा नवी सून होती, पोटुशी होती, आणि रोवणीचे दिवस होते. चिखलात धान लावायला सगळं गाव बांधीत उतरलेलं. घरात कोणी नसताना तिला कळा आल्या. मी दांडीवर वाळत होते. तिने मला ओढलं, छपराच्या लाकडावरून टाकलं आणि माझे दोन्ही काठ मुठीत धरून उभी राहिली. हाका मारल्या, पण ऐकायला अंगणात एक शेळी. बाया धावत आल्या तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. ती रडलीच नाही.

कोणी जवळ असतं तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांना माहीत. पण शकुनबाई एकटी नसती, एवढं मी छातीठोक सांगते.

बाया म्हणाल्या, "हे लुगडं जाळून टाक. विटाळाचं आहे."

शकुनबाई म्हणाली, "माही पोरगी आली तवा हेच एक माह्यासंगं होतं. याले हात लावून पाहा, मंग सांगतो."

कोणी हात लावला नाही. तिने मला उकळत्या पाण्यात घातलं, उन्हात कडक वाळवलं, आणि त्यानंतर गावात कोणाला दिवस गेले की मला काखेत मारून निघू लागली.

ती दाई नव्हे. नाळ कापत नाही, औषध सांगत नाही. अंगावरून जास्त गेलं, ताप आला, की 'दवाखान्यात न्या' म्हणून घर डोक्यावर घेते. बाकी ती बसते. गावात तिला नावच पडलं, 'बसणारी'. एका बाईने टोमणा मारला, "बसायले का लागते? दगडही बसते." शकुनबाई म्हणाली, "मंग तुह्या सुनेच्या वक्ताले दगडच बोलाव."

तिच्या बसण्यात माझं काम मोठं. कळ आली की ती मला बाईच्या कमरेमागून घेते आणि दोन्ही बाजूंनी घट्ट ओढून धरते. कळ गेली की माझी गुंडाळी पाठीशी लावते, ओल्या पदराने तोंड पुसते. बाळ झाल्यावर बाळंतिणीचं पोट मीच बांधलं, बाळाची झोळीही मीच झाले. ती बारशानंतरही जात राहते. आई रडत असेल तर रडू देते, बाळ घेऊन तिला झोपायला लावते, पाहुण्यांना दारातून वाटेला लावते.

आणि बक्षीस काय? काम झालं की मी गोठ्यात. घरात नको, विटाळ. शकुनबाई हळदीकुंकवाला नको, कारण नाव शकुन आणि पहिलंच पोट रितं. ज्या तोंडांनी 'शकुन, लवकर ये वं' म्हटलं, त्याच तोंडांनी हे म्हटलं. मी सगळी तोंडं ओळखते. माझ्या पदराने पुसली आहेत.

आता उर्वशीचं सांगते. सोमाजी आणि रुखमिणी यांची ती सून. तिचा नवरा धर्मेंद्र चिखला गावच्या खाणीचा माल ट्रकमधून वाहतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण उर्वशीला आईच नव्हती. पोरगी घाबरून अर्धी झाली होती. तिला एकच हवं होतं, त्या वेळी शकुनमावशी जवळ असावी.

दिवस जाऊ लागले तशी शकुनबाई तिला तलावाच्या पारीवर, बांधावर, फिरायला नेई, तपासणीला सोबत जाई. धर्मेंद्रला तर तिने समोर बसवून कंबर दाबायला शिकवलं. तो लाजला. "मावशी, मी डायव्हर माणूस. मले हे जमते का?"

"भरला ट्रक चढावर थांबला तर त्याले शिव्या देतो का?"

"नाही. गेअर उतरवतो."

"मंग तेच कर. घाई नोको, बडबड नोको. संगं राह्य."

रुखमिणीला हे काही पटेना. एके दिवशी तिने अंगणातच सुनावलं, "जिचं सोताचं जगलं नाही, तिची सावली कायले पाहिजे माह्या नातवावर? दवाखान्यात मी जाईन."

"आई, मले भेव वाटते," उर्वशी म्हणाली. "तुमी ओरडता. मावशी ओरडत नाही."

सोमाजींनी घसा खाकरला, काहीतरी बोलतील असं वाटलं, आणि ते बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

धान कापून झालं आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. गाडी आली. शकुनबाई न बोलावता मला घेऊन गाडीत चढली. उतर म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दवाखान्यात हर्षा नावाच्या नर्सबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आत एकच बाई थांबेल. कोण येता?"

"मी," रुखमिणी म्हणाली आणि गेली. उर्वशीने मागे वळून शकुनबाईकडे पाहिलं. दार लागलं.

आम्ही बाहेर बाकावर, धर्मेंद्र पायरीवर. आतून उर्वशीची किंकाळी आली, आणि तिच्यावर रुखमिणीचा आवाज. "चूप. आवाज बाहेर जाऊन राहिला. सासऱ्याचं नाव हाय गावात." पुन्हा किंकाळी, पुन्हा चूप. मग उर्वशीचा आवाज बंदच झाला.

शकुनबाई उठून उभी राहिली. ओरडणाऱ्या बाईचं तिला कधी भय वाटत नाही. गप्प झालेल्या बाईचं वाटतं. तिची बोटं माझ्यात रुतली.

तेवढ्यात दार उघडलं. रुखमिणी बाहेर आली, तोंडात पदर. "मले नाही पाहवत वं. ते माह्याकडं पाहूनच नाही राहिली. भिंतीकडं तोंड केलं तिनं. तू जाय."

"अना माही सावली?"

"घेऊन जाय सावली. जाय म्हणतो न."

शकुनबाई मला घेऊन निघाली तर हर्षाबाईंनी अडवलं. "मावशी, तुम्ही या. हे कापड आत नाही चालत." त्यांचं म्हणणं रास्त होतं, तिथे जंतूंची काळजी घेतात. पण मला राग आला. इतक्या जणींना धरून ठेवलं आणि ऐन वेळी मी दाराबाहेर? शकुनबाईने मात्र वाद घातला नाही. माझी घडी केली आणि बाकावर येऊन बसलेल्या रुखमिणीच्या मांडीवर आपटली. "धर. टाकशील तर पाह्य."

रुखमिणीने मला दोन बोटांनी धरलं, मेल्या उंदरासारखं.

मग आतून उर्वशीचा आवाज आला. आता तो कोणी दाबत नव्हतं. मोठा, मोकळा, सगळ्या दवाखान्याने ऐकावा असा. रुखमिणीची दोन बोटं मूठ झाली. दुसऱ्या आवाजाला दुसरी मूठ आली. प्रत्येक कळेबरोबर ती मला ओढू लागली, जणू बाळ तिलाच होत होतं.

धर्मेंद्र तिच्याशेजारी येऊन बसला. ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या वक्ताले माह्या सासूनं माह्या तोंडात पदर कोंबला होता. मले वाटलं, असंच करतेत."

तो बडबडला नाही. माझं दुसरं टोक त्याने हातात घेतलं आणि घट्ट धरलं. ती ओढत होती, तो धरून होता. मी मधोमध ताणलेली. मला आत नेलं नाही, तरी माझं काम मी बाहेर बसून केलं.

बाळाचं रडणं ऐकू आलं. हर्षाबाई दारात आल्या. रुखमिणी उठली. पोरगा की पोरगी, हे तिने विचारलं नाही.

"उर्वशी कशी हाय?"

"छान आहे. मुलगी झाली."

घरी आल्यावर बाया बाळ पाहायला जमल्या. उर्वशीचं पोट माझ्यानेच बांधलेलं होतं. रुपा नावाची शेजारीण नाक मुरडून म्हणाली, "काहून वं, हे विटाळाचं लुगडं घरात?"

रुखमिणी चुलीजवळून बोलली, "तू का धानाच्या कोठीतून निघाली? तुह्या मायलेही असंच काही बांधलं असंन."

रुपाने चहा अर्धा ठेवला. बारशाला बाळ शकुनबाईने झोळीत घातलं, आणि झोळी कशाची होती ते सांगायला नको. शकुनबाई आणि रुखमिणी एकदम गोड झाल्या असं समजू नका. वरणात मीठ किती, यावरून अजून भांडतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा. मी म्हणणार नाही. मला पेटीत घातलंत तर कसर खाईल. मला ओढा, पिळा, धुवा, बांधा. जपायचंच असेल तर तुमच्या घरातल्या पोटुशी बाईला जपा. तिला 'चूप' म्हणू नका. एकटी टाकू नका. तिच्या बाळाला घ्यायला सगळे धावतात, तुम्ही तिला पाणी द्या आणि जवळ बसा. ज्याला विटाळ वाटतो, त्याने खुशाल गोठ्यात जाऊन बसावं. जागा रिकामी आहे, मी आता तिथे राहत नाही.

माझा एक कोपरा फाटला आहे. कितीतरी बाळंतिणींनी ओढूनही न फाटलेला काठ दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका सासूने फाडला. श्यामरावांच्या बायकोला कोणीतरी कळवा. शकुनबाई सुई घेऊन बसली तर रुखमिणीने सुई काढून घेतली. "राहू दे तसंच."

पलीकडच्या आळीत गुंजनचे दिवस भरत आले आहेत. काल शकुनबाईने मला काखेत घेतलं, तर रुखमिणी चपला घालून तयार.

"तू कुठी?"

"मीबी येतो बसायले."

"ओरडशीन?"

"पाहू," रुखमिणी म्हणाली, आणि तिने माझा फाटका कोपरा धरला.