सावध सालवडचा ॲडमिन

एकनाथ माणूस म्हणून कसा, हे सालवडमध्ये कुणाला विचारायची गरज नव्हती. तोंडाचा फटकळ, कानाचा हलका आणि स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर स्वतःच लावणारा. पण चार वर्षांपूर्वी एका कारखान्यातून गॅस सुटला, तेव्हा ‘सावध सालवड’ हा ग्रुप काढला तो यानेच. ज्याला वास येईल त्याने ग्रुपवर टाकायचं, मग वारा बघून एकनाथ सांगणार, कुणी खिडक्या लावायच्या आणि कुणी घर सोडायचं. त्यात तो सहसा चुकत नसे, हेही खरंच.

भावना त्याच ग्रुपची दुसरी ॲडमिन. तिच्या सहा वर्षांच्या स्वराला दमा. मेसेज आला की पोरीला रिक्षात घालून ती थेट मासवणला नणंदेकडे निघायची. एकनाथचा माज तिलाही कळत होता, पण पोरीपुढे तिने तो कधी मोजला नाही.

नाल्याकाठच्या गल्लीतली चिमी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. लिहिता येत नाही, म्हणून ग्रुपवर बोलून पाठवायची. गेल्या महिन्यात कामावर असताना वास आला तसा तिने मेसेज पाठवला, आणि एकनाथने तो पुसून टाकला. वर लिहिलं, ‘अडाण्यांनी इथे गोंधळ घालू नये.’ गल्ली बेसावध राहिली. चिमीची सासू नवसी त्यात गेली.

रविवारी समाजमंदिरात सगळे जमले. एकनाथला ठेवायचं की काढायचं, ते ठरणार होतं.

“वासाचं त्यात काही नव्हतंच,” एकनाथ बिनदिक्कत म्हणाला. “कॅन्टीनच्या मुकादमाला शिव्या घातल्या होत्या हिनं. म्हणून पुसला.”

चिमी उठली. “भावनाताईंनी ऐकला हाय. त्यांना इचारा.”

एकनाथने पुसण्याआधी भावनाने तो खरंच ऐकला होता. डोळे चुरचुरतात, म्हातारीला बाहेर काढा, असं धापा टाकत सांगणारा आवाज. पण एकनाथला काढलं तर तो ग्रुपच मोडून टाकणार, हा स्वभाव तिला पाठ होता. मग स्वराच्या वेळी कोण सांगणार?

“शिव्याच होत्या,” ती म्हणाली. स्वतःचीच किळस आली तिला, पण शब्द मागे घेतले नाहीत.

चिमी समाजमंदिरातून निघून गेली. संध्याकाळपर्यंत तिची अख्खी गल्ली ग्रुपमधून बाहेर पडली. एकनाथ राहिला.

पंधरा दिवसांनी भर दुपारी स्वराला धाप लागली. घरभर उग्र वास, आणि ग्रुपवर अक्षर नाही. भावना पोरीला उचलून बोईसरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा कुठे एकनाथचा मेसेज आला. पोरीचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी तिला आत घेतलं आणि भावनाला बाहेर बसवलं.

तिने चिमीला फोन लावला. “तुला वास आला नव्हता?”

“आला व्हता. गल्लीला फोन केला, समदी निघाली.”

“मग मला का नाही केलास?”

“बोट लावलं व्हतं तुमच्या नंबरावर. मग वाटलं, तुमी परत सांगाल, चिमीनं शिव्याच दिल्या.”

काचेपलीकडे नर्सने स्वराच्या तोंडावरचा मास्क काढून बाजूला ठेवला. का काढला, हे विचारायला भावनाचे पाय उठेनात.