शब्बाथच्या दिवशी आलेली मोटार

फोन वाजला तेव्हा दंतवैद्यबाई नव्या विचारांच्या प्रार्थनाघरात दाराशीच उभी होती. तिथे शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशीही, फोन जवळ ठेवला तर कोणी डोळे वटारत नसे. बाया-पुरुष शेजारी बसत, बायाही तोरा हा धर्मग्रंथ वाचत. नेमक्या याच कारणावरून तिचे वडील ती पायरी कधी चढले नव्हते.

वडील जुन्या वळणाचे. आठवडाभर चष्म्याचं दुकान आणि शनिवारी आपल्या प्रार्थनाघरात तोरावाचन. तिथे बायका वरच्या सज्ज्यात बसत. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत गाडी बंद, फोन बंद.

"प्रार्थनाघरात बॉम्ब ठेवलाय, अशी धमकी आलीय," पोलीस अधिकारी सांगत होता. "कुठल्या, ते सांगितलं नाही. आधी सगळे बाहेर पडा."

"आणि दुसरं प्रार्थनाघर?"

"तिथे कोणी फोन उचलत नाही. आमची माणसं निघालीत, पण मोर्चामुळे रस्ते तुंबलेत."

लोकांना बाहेर काढून तिनं गाडी गल्लीबोळांतून हाकली. तळहात घामानं चिंब, चाक हातातून निसटत होतं. प्रत्येक वळणावर वाटे, आता कानठळ्या बसणार.

वडिलांच्या प्रार्थनाघरात ती थेट पुरुषांत घुसली. वडील उंच मेजाशी उभे होते. हातानं लिहिलेल्या चामड्याच्या गुंडाळीवरून त्यांची चांदीची काडी अक्षराअक्षरानं सरकत होती.

"मोटारीतून आली! आज!" कोणीतरी ओरडलं.

"बाबा, बॉम्ब आहे! पोलिसांचा फोन आलाय!"

मग वडिलांचा आवाज घुमला. "जिवापुढे शब्बाथ नाही. हे तिला मीच शिकवलंय. उठा, बाहेर व्हा!"

बाकं खडखडली. सज्ज्यातल्या बायका जिन्यावरून धडाधड उतरल्या. वडील मात्र तोरापाशीच घुटमळले. उघडी गुंडाळी टाकून जायला त्यांचे पाय उचलेनात.

"बाबा, राहू दे ते! आत्या कुठंय?"

आत्या वरच होती. गुडघ्यांनी दगा दिलेला, कानांनी त्याआधीच. वडिलांनी तोरावर घाईनं कापड ओढलं आणि वयाचा विचार न करता जिना चढले. दोघांनी आत्याला खुर्चीसकट उचललं.

"वाचन संपलं का रे?" आत्यानं खणखणीत आवाजात विचारलं.

शेवटच्या पायऱ्यांवर वडील एकदम थबकले. जिन्याखाली, मोडक्या बाकाच्या मागे, निळी पिशवी होती.

"कोणाची तरी राहिली असेल," ती पुटपुटली.

"आज?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्यात आज रस्त्यानं रुमालसुद्धा कोणी नेत नाही. पिशवी कोण आणेल?"

बाहेरचं दार पिशवीच्या पलीकडे होतं. दुसरी वाट नव्हती. आत्या जड, खुर्चीचा पाय कठड्याला अडकलेला, आणि हिसका द्यायची छाती होईना. वडील पुटपुटू लागले, देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ती जुनी प्रार्थना, जी माणूस मरतानाही ओठांवर ठेवतो. ते ऐकून ती जास्तच घाबरली.

"बाबा, ते नका म्हणू. मी मोजते, तुम्ही उचला."

खुर्चीचा पाय कठड्यातून सुटला. श्वास रोखून, पिशवीला अंग न लागू देता, ते बाहेर पडले आणि कोपऱ्यापलीकडे जाऊन रस्त्यावरच बसले. पोलीस पोचले, रस्ता रिकामा झाला. पिशवीत खराच बॉम्ब निघाला. जोडणी कच्ची म्हणून तो उडाला नव्हता. कोणाला ओरखडाही आला नाही, तोराही शाबूत राहिली.

धोका टळला होता आणि शब्बाथ अजून संपला नव्हता, म्हणून वडील गाडीत बसायला तयार होईनात. आत्याला कोपऱ्यावरच्या घरी बसवून, आपली गाडी तिथेच सोडून ती त्यांच्याबरोबर चालत निघाली.

"चिमणे, मी कुठल्या ओळीवर थांबलो होतो?" त्यांनी विचारलं. जन्मभर पाठ असलेला मजकूर त्यांना आठवत नव्हता. त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता.

पुढच्या शनिवारी दाराला पहारेकरी होते. वडिलांनी वाचलं, पण बिजागरी करकरली की काडी जागच्या जागी दचके. ती पायी आली होती, वर बायकांत बसली होती. वाचनाकडे तिचं लक्ष नव्हतं. प्रत्येक बाकाखाली काय आहे, ते ती पुन्हापुन्हा वाकून बघत होती.