पर्विसच्या दुकानामागची जागा

"आपली धरून आता ही पाचवी," असं म्हणून लॉर्नाने व्हॅनच्या खिडकीवरच्या पडद्याची कड सोडली.

पर्विसच्या दुकानामागच्या खडीच्या मैदानात एक उंच पांढरी गाडी डुलत शिरली, जागा शोधत एक चक्कर मारून आली आणि कुंपणालगत थांबली. तिच्यातून एक तरुण जोडपं उतरलं. उतरल्या उतरल्या त्यांनी घडीच्या खुर्च्या काढून उन्हात मांडल्या. फुकटात मुक्काम करणाऱ्याने काही केल्या खुर्ची बाहेर काढू नये. गाडी उभी असते तोवर ती नुसती उभी असते. खुर्ची बाहेर आली की इथे कुणीतरी राहतंय हे साऱ्या गावाला दिसतं.

"येईनात का," मागच्या पलंगावरून ओरेन म्हणाला. "मैदान काय आपल्या बापाचं आहे?"

"नाही ना. म्हणूनच धडकी भरते."

ओरेन नुकताच डायलिसिसवरून आला होता. त्या यंत्राखालून आला की तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा व्हायचा आणि दिवस मावळेपर्यंत पडून राहायचा. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. पोरांची नावं, त्यांच्या कुत्र्यांची नावं, सगळं त्याला पाठ होतं. आजारपणात घर गेलं आणि ही व्हॅन तेवढी उरली. त्यालाही आता वर्षं झाली. पूर्वी ऊन-थंडी बघून ते गावं बदलायचे. आता आठवड्यातून तीनदा यंत्राला जुंपून घ्यायचं म्हटल्यावर फिरणं संपलं होतं. डायलिसिसचं केंद्र इथून दोन गल्ल्यांवर. त्यानंतरचं केंद्र डोंगरापलीकडे, आणि बर्फ पडलं की घाट बंद. म्हणजे हे मैदान सुटलं तर काय होणार, हे दोघांनाही कळत होतं. त्याबद्दल ते बोलत नसत.

मैदान मिळालं तेही सहजासहजी नाही. चर्चवाल्यांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं, नदीकाठी मनाईची पाटी होती, वाणसामानाच्या मोठ्या दुकानातला पोऱ्या तर अंगावरच आला होता. शेवटी लॉर्ना पर्विसच्या दुकानात गेली. हा गुराढोरांचं खाद्य विकणारा माणूस. ज्याच्या दारात झोपायचं त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यावं, ही व्हॅनवाल्यांची रीत. तिला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी उचलली.

"कोंबड्या कुठं ठेवता, बाई? गाडीत?" पर्विसने विचारलं होतं.

लॉर्ना लाजेने लाल झाली, आणि मग तिने सगळंच खरं सांगितलं. पर्विसने दाणे परत पोत्यात ओतले. "मागं लावा गाडी," तो म्हणाला. "पण बोभाटा नको."

आणि बोभाटा केला तो ओरेननेच. कुठे फुकट मुक्काम करता येतो हे सांगणारं एक अ‍ॅप सगळ्या व्हॅनवाल्यांच्या फोनवर असतं. त्यात त्याने पडल्या पडल्या लिहून टाकलं: जमीन सपाट, पाण्याचा नळ आहे, मालक देवमाणूस. वर पाच तारे. लॉर्नाने ते पाहिलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. तिने लगेच पुसलं, पण तोवर ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

"जागा सोडताना लिहायचं असतं, ओरेन," ती तेव्हा म्हणाली होती. "राहत्या जागेबद्दल कुणी लिहितं का? शेंबड्या पोराला कळतं हे."

"लोकांनी लिहून ठेवलं म्हणून आपण इतकी वर्षं कुठं ना कुठं टेकलो. आपण नुसतं घेतच राहायचं का?"

"पण जाताना लिहायचं ना!"

"मी इथनं जाईन तेव्हा लिहायला माझा हात उचलणार आहे का?" ओरेन म्हणाला होता.

ती भांडी घासायला बसली. तिला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त त्याची माया आली होती. एकाच माणसाबद्दल एकाच वेळी हे दोन्ही वाटणं फार थकवणारं असतं.

खुर्च्या मांडून तास झाला नसेल, तोच पर्विस आला. टोपी हातात घेऊन तो व्हॅनच्या दाराशी उभा राहिला, आणि लॉर्नाने काय ते ओळखलं.

"गावच्या कचेरीतनं माणूस आला होता," तो म्हणाला. "ओसरी दिली तर लोक पायच पसरायला लागले, बाई. सगळ्या गाड्या काढा म्हणतोय. तुमचं मी बोललो त्याच्याशी. आजारी माणूस आहे, एकच गाडी आहे. ती शेडच्या आडोशाला राहू दे म्हणाला. पण एकच. बाकीचे उजेड आहे तोवर निघाले पाहिजेत."

"देव तुमचं भलं करो."

"त्यांना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर तंटा होईल. तुमचीच माणसं आहेत, तुमचं ऐकतील."

लॉर्नाने मान डोलावली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

ती एकेका गाडीशी गेली. खुर्च्यावाल्या जोडप्याने खांदे उडवले आणि आवराआवर सुरू केली. त्यांना काय, तरणी होती, पुढचं गाव त्यांना मजेचंच होतं. दुसऱ्या दोघांनी गावाला शिव्या दिल्या, तिला नाही. शेवटी राहिला वेंडेल. जुन्या पिकअपच्या पाठीवर स्वतः लाकडी खोली बांधून राहणारा म्हातारा, सोबत एक आंधळी कुत्री. लॉर्नाने दारावर टकटक केलं आणि आतला रेडिओ पटकन बंद झाला. मग काहीच आवाज येईना. आत तो श्वास रोखून बसलाय हे तिला बाहेर उभं राहून कळत होतं. असल्या टकटकीला ती आणि ओरेन असेच गप्प बसत आले होते.

"वेंडेल, मी आहे. लॉर्ना."

दार किलकिलं झालं. ऐकून घेऊन तो थोडा वेळ कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हा गुडघा बरा होईस्तोवर राहीन म्हणत होतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही? तुमच्या यजमानांचं कसं?"

"आम्हीपण निघतोय," लॉर्ना म्हणाली. तोंडातून गेलं ते गेलं.

व्हॅनमध्ये येऊन तिने पलंगाखालच्या वस्तू बांधायला घेतल्या तेव्हा ओरेन उठून बसला. "आपल्याला राहायचंय ना?"

"राहायचंय. पण आधी निघायचंय. सगळे जाईपर्यंत गावाबाहेर एक चक्कर मारू."

ओरेनने तिच्याकडे पाहिलं. एवढं सगळं त्याच्याच लिहिण्यापायी, म्हणून असेल, तो वाद न घालता भिंतीला धरत पुढे आला आणि चालकाशेजारच्या जागेवर बसला.

पाचही गाड्या ओळीने मैदानातून बाहेर पडल्या, सगळ्यांत मागे यांची व्हॅन. पर्विस दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता, त्याला काहीच उमगेना. गावाबाहेरच्या फाट्यावर एकेक गाडी वळत गेली. वेंडेल मात्र कडेला थांबला आणि लंगडत यांच्या खिडकीशी आला.

"एक जागा सांगतो," तो खाली वाकून म्हणाला. "पूर्वेला जा. पूल ओलांडला की खडीची जुनी खाण लागेल. फाटक बंद दिसतं, पण नुसती कडी आहे. वारा लागत नाही, झरा आहे, कुणी उठवत नाही. आजवर मी कुणाला सांगितली नाही ही जागा, फोनवर तर नाहीच नाही."

"तुम्ही कुठं जाणार मग?" लॉर्नाने विचारलं.

"तिथंच निघालो होतो. पण एकच गाडी मावते हो. यांचा चेहरा बघा कसा झालाय. मला नि कुत्रीला कुठंही चालतं."

ओरेन त्याच्याकडे वळला. तो आता खरं काय ते सांगणार, हे लॉर्नाला बायको म्हणून कळलं. तिने झटकन त्याच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. यंत्राच्या सुया टोचण्यासाठी डॉक्टरांनी शीर जोडून दिलेला हात. तिथलं रक्त कातडीखालून सारखं घरघरत असतं, वरून हात ठेवला तरी जाणवतं. तिने तो हात घट्ट दाबून धरला. ओरेनने तोंड मिटलं.

"उपकार झाले," ती वेंडेलला म्हणाली.

"उपकार कसले," तो म्हणाला आणि परत गेला. त्याची पिकअप सुरू व्हायला वेळ लागला. मग ती पश्चिमेला वळली. त्या बाजूला घाटापर्यंत काहीच नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पिकअप दिसेनाशी होईपर्यंत लॉर्नाने हात काढला नाही. मग तिने व्हॅन परत मैदानाकडे वळवली.