निळ्या झाकणाची बाटली

"मामा, आता सांगायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या, तेव्हा मामा उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा बदलत होते. झाडाच्या सालीची तपासणी त्याच दिवशी संपली होती. वर्षभर टेबलावर दोन बाटल्या असायच्या, एक लाल झाकणाची आणि एक निळ्या. आतला रंग दोन्हींचा सारखाच तांबूस. एकीत सालीचा अर्क, दुसरीत नुसतं रंगीत पाणी. कुठल्या बाटलीत काय, हे मॅडमनी कुणालाच कळू दिलं नव्हतं, कारण बघणाऱ्याचं मन आधीच एका बाजूला झुकायला नको.

बघणारे म्हणजे मामा. सुजलेल्या पंजाच्या उंदराला औषध पाजायचं आणि स्टुलावर बसून बघत राहायचं. कोण पंजा उचलून धरतो, कोण चाटतो, कोण नुसताच पाठ वाकवून बसतो. मुक्या जिवाचं दुखणं मामांच्या नजरेतून सुटत नाही, असं अख्खी प्रयोगशाळा म्हणायची. मामांनाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

लाल झाकणाच्या औषधानं सूज छान उतरली, दुखणंही कमी झालं, असं मॅडमनी सांगितलं. मामांच्या मुठीतला भुसा मुठीतच राहिला.

"आणि निळं?"

"ते पाणी. रंग जुळावा म्हणून साखर भाजून घातलेली. गोड लागतं, बघा हवं तर."

मामांनी बोटावर थेंब घेऊन चाखला. गोडच होता.

मामांच्या बायकोचे गुडघे सुजायचे, बोटांची पेरं सुजायची. सकाळी ती खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरत धरत यायची. भिंतीवर तिच्या हातांचे डाग पडले, तेव्हा मामांनी सुट्टी काढून ती भिंत स्वतः रंगवली. पण डाग झाकून दुखणं थोडंच झाकतं? त्याच सुमारास निळ्या गटातला एक लंगडा उंदीर तुरुतुरु धावताना दिसला, आणि मामांनी मनाशी ताडलं की औषध ते हेच. सगळ्या नोकरीत एक टाचणी घरी न नेलेला माणूस त्या दिवशी खिशात छोटी बाटली घालून बाहेर पडला.

"सालीचं आहे, कडू असणार. नाक दाबून घे," त्यांनी तिला बजावलं होतं.

तिनं चमचा तोंडात घातला, क्षणभर मामांकडे बघितलं आणि मग चेहरा वेडावाकडा केला. "कडूजहर आहे हो. पण गुण येईलसं वाटतंय."

त्यानंतर रोज सकाळी तोच चमचा, तोच वेडावाकडा चेहरा. बाटली संपली की मामा ती पुन्हा भरून आणायचे. आठवडाभरात तिला हलकं वाटायला लागलं. कण्हणं थांबलं. मामा हवेत होते. पुढे ती हृदयाच्या झटक्यानं गेली. पण शेवटचे महिने तरी तिला दुखण्यावाचून गेले, एवढ्या एका समाधानावर मामा दिवस ढकलत होते.

ते घरी पोचले तेव्हा मुलगी पसारा आवरत होती. दुसऱ्या दिवशी रंगारी यायचा होता. घरभर अंधारून आल्यासारखं वाटतं, निदान रंग तरी बदलू, हा तिचाच हट्ट.

"बाबा, बाकी घर ठीक आहे, पण ह्याच भिंतीचा रंग कसा गेला?"

मामा जवळ गेले. भिंत स्वच्छ होती, एकही डाग नाही. पण कमरेच्या जरा वर, हात-हात अंतरावर रंग घासून घासून पांढरा पडला होता.

"आई रोज ओल्या फडक्यानं पुसायची तिथे," मुलगी म्हणाली. "मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तुझ्या बाबांना डाग दिसायला नकोत."

मुलगी आत गेली. मामांनी पहिल्या पांढऱ्या ठिपक्यावर तळवा टेकवला. तिची उंची कमी, त्यांना वाकावं लागलं. तसेच वाकून, एकेका ठिपक्यावर हात ठेवत ते पुढे सरकले. त्यांना आता ती ऐकू येत होती, पुढे टाकलेलं पाऊल, दाबून धरलेला श्वास, आणि आत चहा पीत वर्तमानपत्र उलटणारे ते स्वतः.

शेवटचा ठिपका स्वयंपाकघराच्या दाराशी होता. तिथे रंग पार निघून खालचा गिलावा दिसत होता. आत येण्याआधी ती तिथे थांबत असणार, चेहरा नीट करायला.